चार फ्लॅट, पण भिंती मोकळ्या ठेवता येतील का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही दोघं भाऊ, शेती देवळी तालुक्यात. तालुक्याच्या गावी प्लॉट आहे, तिथं खाली दोन वर दोन असे चार फ्लॅट काढायचेत. ठेकेदार म्हणते चारही सेम टू सेम टूबीएचके करून टाकू. पण बाबांचे गुडघे गेलेत, पोरगा पुण्याहून परत येईन का नाही माहीत नाही, एखादा फ्लॅट किरायानं देऊ, अन् भाव पडला की कापूस दोन-तीन महिने घरातच भरावा लागते. नंतर जास्त तोडफोड न करता खोल्या कमीजास्त करता येतील का?

उत्तर : भाऊ, येतील, आणि पाया खोदायच्या आधी विचारलं हे फार बरं केलं. जुन्या घरातली सपरी आठवा, सकाळी पाहुण्यांचा चहा, दुपारी बंगईवर आजोबा, दिवाळीनंतर तिथंच कापसाचा ढीग, तिला कोणी हॉल म्हटलं नाही की बेडरूम म्हटलं नाही म्हणून ती सगळ्याला पुरली. हॅब्राकेन नावाच्या डच आर्किटेक्टनं १९६१ मध्ये हेच मांडलं होतं, सांगाडा वेगळा धरा, तो टिकणारा, आणि आतल्या भिंती वेगळ्या, त्या राहणाऱ्याच्या मर्जीच्या.

कॉलम-बीमच्या बांधकामात आतली भिंत स्लॅबचं वजन पेलत नाही, त्यामुळे ती काढता येते, पण तिचं स्वतःचं वजन असतंच. म्हणून आतल्या भिंती विटांऐवजी एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सिमेंटच्या सच्छिद्र हलक्या ठोकळ्यांच्या, घ्या आणि इंजिनियरला सांगा की भिंती नंतर सरकणार आहेत, तसा स्लॅब डिझाईन करा. संडास, न्हाणी, किचन मात्र एकाच डक्टला, म्हणजे पाइप जायच्या उभ्या पोकळीला, चिकटवून वर-खाली एका रेषेत ठेवा, पाण्याचे पाइप हलवायला गेलं की सगळा खर्च तिथंच जातो.

आता आपल्याकडची खरी गोष्ट, कूलर! खोली अर्धी केली आणि एका भागाला बाहेरची खिडकीच नसली तर मे महिन्यात तिथं कोण झोपणार? म्हणून मोठ्या खोलीला एक रुंद खिडकी न देता दोन द्या, मधे दोनेक फुटांची भिंत सोडा, उद्या पार्टिशन बरोबर तिथं येऊन टेकेल आणि दोन्हीकडे कूलर बसेल.

शेजारच्या दोन फ्लॅटमधल्या भिंतीत आत्ताच दरवाजाएवढी जागा मोकळी सोडून तिच्यावर लिंटल, म्हणजे वरच्या भिंतीचं वजन पेलणारी आडवी पट्टी, टाका आणि ती जागा ब्लॉकनं बुजवून घ्या. पोरगा आला तर ब्लॉक काढा, दोनाचं एक घर, नाही आला तर किरायदार सुखानं राहील.

कापूस-सोयाबीन खालीच ठेवा. घराच्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून करतात, म्हणजे फक्त दोन क्विंटल, कट्ट्यांची थप्पी लावली की ते कधीच ओलांडतं. आणि त्या खोलीच्या वायरिंगला वेगळा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, घ्या, माल भरला की तो बंद, कापसाला ठिणगी पुरते, यात अजिबात हयगय नको.

बाबांना खालचा फ्लॅट. संडासचा दरवाजा तीन फुटी, उंबरठा नको, आणि कमोडच्या बाजूची भिंत तेवढी विटांचीच ठेवा, हाताला धरायचा दांडा तिथं पक्का बसतो. ठेकेदाराकडून नकाशा घेऊन फोटो पाठवा, सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकू, लागायच्या आत पाठवा, खिडक्यांच्या जागा मी खुणा करून देते.