घोडा घेतलास, आता गव्हाण सांभाळ

एक पक्कं ध्यानात ठेव: घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं विष त्याला बाहेर टाकता येत नाही, म्हणून राखण आपणच करायची.

सगळ्यात घातक कोंबडीखाद्य. त्यात बऱ्याचदा मोनेन्सिन हे कोंबड्यांच्या आतड्याच्या रोगावरचं औषध घालतात. कोंबडीला ते सोसतं, पण घोड्याच्या वजनाच्या दर किलोला २-३ मिलिग्रॅम गेलं तरी हृदयाचे स्नायू निकामी होतात, आणि त्यावर उतारा नाही. गाईंच्या काही तयार खाद्यांतही ते असतं. त्यामुळे पोतं वेगळं, घमेलंही वेगळं. शेजारी पोल्ट्री असेल तर हे दुप्पट पाळ.

मका मुठीत घेऊन उजेडात बघ. दाण्यावर गुलाबी-पांढरी बुरशी दिसली, कुबट वास आला तर सरळ फेक. उन्हात वाळवून या बुरशीचं विष जात नाही, आणि ते थेट मेंदूवर जातं.

घोडा अंथरूणही चघळतो. त्यामुळे प्लायवूडचा किंवा औषध मारलेल्या लाकडाचा भुसा नको. कोरडा, बिनबुरशीचा भाताचा पेंढा बरा. कण्हेरीची छाटणी गवतात येऊ देऊ नकोस, सुकलेली पानंही तितकीच विषारी.

खाणं सोडलं, घाम फुटला, पाय लटपटले की खाद्य तिथेच थांबव, डॉक्टरांना बोलाव. पोतं मात्र फेकू नकोस, तपासणीला लागेल.