फोनवर वायफाय सुसाट, पण डेस्कटॉपवर रखडतं. नेमकं काय तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की प्लॅन 100 एमबीपीएसचा आहे, राउटर हॉलमध्ये, आणि शेजारच्या खोलीत फोनवर 90 च्या पुढे स्पीड येतो. पण त्याच खोलीत टेबलावरचा डेस्कटॉप 25 च्या वर जात नाही. डेस्कटॉपला वायफाय पकडून देणारा अडॅप्टर म्हणजे कॅबिनेटच्या मागे खोचलेला, '150 एमबीपीएस' लिहिलेला छोटा यूएसबी डोंगल. नेटवाल्याकडे तक्रार करू का?

नका करू. फोनला पूर्ण स्पीड मिळतोय, म्हणजे बाहेरून येणारी लाइन आणि राउटर दोन्ही ठीक आहेत. माझा संशय सरळ डोंगलवर आहे.

आधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीज उघडा आणि 'नेटवर्क बँड' व 'लिंक स्पीड' बघा. बँड म्हणजे वायफायचा रेडिओ पट्टा, 2.4 किंवा 5 गिगाहर्ट्झ; लिंक स्पीड म्हणजे डोंगल आणि राउटरमधला वेग. बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झ आणि 72 एमबीपीएस दिसेल. पाकिटावरचे 150 मिळतात ते 40 मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल (पट्ट्यातली एक मार्गिका) मिळाला तरच. बिल्डिंगमध्ये घरोघरी राउटर असले की तो सहसा 20 मेगाहर्ट्झवर येतो आणि एका अँटेनाच्या डोंगलची मजल 72 वर संपते. त्यातला प्रत्यक्ष डेटा साधारण निम्मा. त्याच चॅनलवर शेजाऱ्यांचं वायफाय चालू असेल तर त्यांचं पाठवून होईपर्यंत तुमच्याला थांबावं लागतं. झाले तुमचे 25. फोन बहुधा 5 गिगाहर्ट्झवर आहे, म्हणून तो या गर्दीत सापडत नाही.

आता डोंगलची जागा. मागे पत्र्याचा कॅबिनेट, वायरींचं जंजाळ, भिंत; सिग्नल तिथे पोचतानाच अर्धमेला होतो. शिवाय शेजारच्या निळ्या यूएसबी 3 पोर्टात हार्ड डिस्क असेल तर तिचा रेडिओ गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलने 2012 मध्येच यावर सविस्तर लिहिलंय. माझ्या भावाच्या टेबलावर मी हे पाहिलंय: बॅकअप सुरू झाला की वायफाय तर मंदावायचंच, वायरलेस माउसचा बाणही अडखळत सरकायचा. डिस्कची केबल उपटली की दोन्ही सुरळीत.

म्हणून एक मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर, कॅबिनेटपासून लांब, राउटरच्या दिशेला ठेवा. खर्च किरकोळ आहे, फरक लगेच कळतो. पण 72 ची मर्यादा त्याने हटणार नाही. त्यासाठी ड्युअल बँड, म्हणजे 2.4 आणि 5 दोन्हींवर चालणारा अडॅप्टर लागेल. खोकं बघून घ्या, त्यावर 5 गिगाहर्ट्झ स्पष्ट लिहिलेलं हवं. '300 एमबीपीएस' लिहिलेले बरेच डोंगल फक्त 2.4 वरच चालतात. कॅबिनेटच्या आत मदरबोर्डवर बसणारं पीसीआय-ई कार्ड घेणार असाल तर वायरीने बाहेर ठेवता येणारा अँटेना असलेलं घ्या. ड्रायव्हर (डोंगल चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करायला हरकत नाही, पण या डोंगलवर त्याने जादू होणार नाही.

खरं विचाराल तर मी यातलं काहीच विकत न घेता हॉलमधल्या राउटरपासून कॅट 6 ही नेटवर्कची केबल ओढेन. डेस्कटॉप काही जागचा हलत नाही, भिंतीच्या कडेने क्लिपा मारल्या की केबल पायातही येत नाही. तुमच्या प्लॅनला राउटरचा साधा 100 एमबीपीएसचा लॅन पोर्टही (केबल खोचायची जागा) पुरतो, स्पीड टेस्टमध्ये 94-95 दिसेल. केबल लावूनही आकडा 25 वरच अडकला, तर मात्र विंडोजचा टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमची यादी) उघडून नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक करा. मागच्या मागे नेट खाणारा प्रोग्रॅम सगळ्यात वर येईल.