शिडाच्या होडीसाठी हातातला जीपीएस घेताना

नकाशा किती रंगीत दिसतो ते नंतर बघा, आधी बटणं बघा. ओल्या बोटांना टचस्क्रीन धड दाद देत नाही आणि थेंब पडले की भलतंच काहीतरी उघडतं. एए सेलवर चालणारा घ्या; सुटे सेल घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. आयपीएक्स७ हा पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकणारा, पण यूएसबीचं रबरी झाकण नीट बसलं नसेल तर खारं पाणी शिरून पिना गंजतात. तरंगणारा मिळाला तर उत्तमच, तरी दोरी बांधाच.

मग सेटिंग. डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावरून मोजतात तो, चार्टवर (सागरी नकाशावर) छापलेलाच ठेवा, बहुधा डब्ल्यूजीएस ८४. वेग नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत), अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत. ५४.५० मिनिटं (म्हणजे ५४ मिनिटं ३० सेकंद) हा आकडा ५४ मिनिटं ५० सेकंद असा वाचला, तर अक्षांशात ६०० मीटरहून जास्त चूक होते. खडकाळ किनाऱ्याजवळ ती जिवावर बेतते.