चित्रकथा वाचून घरातल्या सवयी खरंच बदलतात का?

बदलतात, पण गोष्टीत आपलं घर दिसलं तरच. युनिसेफने १९९० च्या दशकात दक्षिण आशियासाठी घडवलेली चित्रकथेतली मुलगी मीना आठवते? तिच्या एका गोष्टीत आंब्याची मोठी फोड भाऊ राजूला मिळते, छोटी मीनाला. मग दोघं एक दिवस कामं बदलतात आणि राजू थकून, भुकेने कासावीस होतो. ‘मुलीलाही पोटभर वाढा’ असं कुणी ओरडून सांगत नाही. आईवडिलांनाच ते उमगतं. मला ही मांडणी फार मोलाची वाटते, कारण खायला वाढणारे हात मोठ्यांचे असतात आणि गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचते.

घरी करायचं तर छापील पुस्तकच हवं असं नाही. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चार चौकोन आखले. भाचीने रात्री दात घासणारं सगळं घर काढलं, बाबा मात्र ब्रशशिवाय, मोबाइल हातात. दाजींनी ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि उठून बेसिनकडे गेले. आता तोच कागद बेसिनशेजारी चिकटवलाय.

एका वेळी एकच सवय घ्या. आणि चुकणारं पात्र मूलच असू देऊ नका, मुलं लगेच मिटतात.