पिवळा रंग गेला म्हणून कल्चर फेकू नका, आधी इन्क्युबेटर बघा

शेंगदाण्यावरून काढलेलं ॲस्परजिलस फ्लेव्हस या अफ्लाटॉक्सिन विष बनवणाऱ्या बुरशीचं आयसोलेट (वेगळं करून वाढवलेलं कल्चर) जानेवारीत प्लेटच्या मागून पिवळं दिसायचं, अमोनियाच्या वाफेने गुलाबी व्हायचं. मे महिन्यात तेच फिकं पडलं, अमोनियालाही दाद देईना. म्हणून ‘कल्चर बिघडलं, टाकून देऊ का?’ असं विचारलंय तुम्ही. टाकू नका.

तुमचा इन्क्युबेटर (प्लेटा ठरावीक तापमानाला ठेवायची पेटी) साधा, फक्त गरम करणारा आहे का? मग सोलापूरच्या मे महिन्यात त्यावर २८ अंश सेल्सिअस लावून काही होत नाही. खोलीच ४० अंशांवर असेल तर आतही तेवढंच. २८ हवे असतील तर थंडही करणारा, कॉम्प्रेसरवाला बीओडी इन्क्युबेटर लागतो. शिवाय डिस्प्लेवर विसंबू नका, आत थर्मामीटर ठेवून सकाळ-दुपार आकडा वहीत लिहा.

फसवणूक इथे होते, कारण ही बुरशी ३७ अंशांलाही जोमात वाढते, भरपूर हिरवी दिसते. पण अफ्लाटॉक्सिन बनवणारी जनुकं त्या तापमानाला जवळजवळ गप्प असतात. ती नीट चालतात २८ ते ३० अंशांला. अमोनियाला रंग बदलणारी पिवळी द्रव्यं त्याच साखळीत, विषाच्या आधीच्या टप्प्यांवर तयार होतात, म्हणून रंग आणि विष जोडीने जातात. बीजाणूंचा हिरवा रंग या साखळीतला नाही. त्यावरून विषाचा अंदाज बांधू नये.

या एका गोष्टीने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं. एका तपासणी केंद्राने नमुने जीवाणूंच्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये वाढवले आणि ‘विष आढळले नाही’ असा कागद दिला. तापमान, माध्यम (बुरशी ज्या खाद्यावर वाढवतात ते), कितवा दिवस, काहीच लिहिलेलं नाही. विचारलं तर ‘आमची पद्धत ठरलेली आहे’. त्या कागदाच्या भरवशावर चांगली विषारी आयसोलेट्स टाकून दिली गेली. माझं स्पष्ट मत आहे की या तीन नोंदी नसलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल परत पाठवावा. ‘रूम टेम्परेचर’ हे उत्तर तर सोलापुरात ऐकूनच घेऊ नये.

दुसरा संशय माध्यमावर. मधे झापेक-डॉक्सवर गेलात का? त्यात नायट्रोजन सोडियम नायट्रेटचा असतो आणि नायट्रेटवर विष बहुधा कमी होतं. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट २० ग्रॅम आणि साखर १५० ग्रॅम प्रति लिटर, हे माध्यम विषाला अनुकूल. एएफपीए या फ्लेव्हस गट ओळखायच्या माध्यमावर मागे येणाऱ्या भडक केशरी रंगाला मात्र भुलू नका. तो ॲस्परजिलिक आम्ल आणि माध्यमातलं लोह यांचा आहे. त्यावरून फ्लेव्हस-पॅरासिटिकस गट ओळखता येतो, विष नाही.

खात्री करायची तर स्वस्तातली नारळाची प्लेट करा. १०० ग्रॅम खवलेला नारळ ३०० मिली गरम डिस्टिल्ड पाण्यात मिक्सरला फिरवा, चार पदरी मलमलमधून गाळा, पीएच ७ करा, २ टक्के अगार घालून ऑटोक्लेव्ह करा. बुरशी लावून २८ अंशांला अंधारात ठेवा आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मागच्या बाजूने ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली पाहा. वसाहतीभोवती निळी चमक दिसली तर विष आहे असं धरा. बुरशी न लावलेली प्लेट शेजारी हवीच, नाहीतर नारळाच्या स्वतःच्या चमकेने गोंधळ होतो. अमोनियाची चाचणी वेगळ्या प्लेटवर करा: पालथ्या प्लेटच्या झाकणात तीव्र अमोनियाचे दोन-चार थेंब. रंग काही मिनिटांत येतो आणि नंतर उडतो, लगेच फोटो काढा. दोन्ही चाचण्या चाळणीपुरत्या. मार्गदर्शकांना आकडा हवा असेल तर एचपीएलसी, म्हणजे विषाचं प्रमाण मोजणारी यंत्रावरची चाचणीच लागेल.

२८ अंशांलाही सगळं कोरं आलं, तर मात्र कल्चर खरंच बदललं असेल. वारंवार सबकल्चर केल्याने (एका प्लेटवरून दुसरीवर उतरवत गेल्याने) विष बनवण्याची क्षमता जाते आणि वसाहत पांढरी, कापसासारखी होत जाते. जानेवारीची मूळ स्लँट (तिरप्या माध्यमावर कल्चर जपलेली नळी) फ्रीजमध्ये असेल तर तिच्यावरूनच पुन्हा सुरुवात करा. पुढच्या वेळी पहिल्या पिढीचे बीजाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांला ठेवा.

जाता जाता, चटणीवाल्या मंडळींसाठी: भाजल्याने विष थोडं कमी होतं, संपत नाही. काळपट, सुरकुतलेले दाणे भाजायच्या आधीच निवडून काढा.

आणि प्लेटा टाकताना जपा. ऑटोक्लेव्हने बुरशी मरते, अफ्लाटॉक्सिन पुरतं जात नाही. काचसामान १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून ठेवावं लागतं. पण अमोनिया लावलेली प्लेट त्यात थेट टाकू नका, क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो. ती आधी फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटात) उघडी ठेवून वास पूर्ण जाऊ द्या. तुमच्या प्रयोगशाळेचे नियम वेगळे असतील तर तेच पाळा.