शंका-समाधान : आधी वडिलांची तपासणी, मग मुलीची

आनुवंशिक किडनीविकारांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील ५४ वर्षांचे असून त्यांना पॉलिसिस्टिक किडनीचा आजार आहे. गेल्या वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. आत्यालाही हाच आजार आहे. आजोबा मात्र ४८व्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन अचानक गेले. आईला मधुमेह असल्यामुळे तिला किडनी देता येत नाही. मी २६ वर्षांची आहे, माझा रक्तगट वडिलांशी जुळतो आणि सोनोग्राफी स्वच्छ आली आहे. तरीही डॉक्टर जनुकीय तपासणी सुचवतात. तिची खरोखर गरज आहे का, आणि ती माझीच करायची ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर : गरज आहे, परंतु तपासणीची सुरुवात तुमच्यापासून नव्हे, वडिलांपासून व्हायला हवी. या उत्तरातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच असल्याने ती सविस्तर सांगतो.

तुमच्या घराण्यातला आजार एका पिढीतून थेट पुढच्या पिढीत उतरतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. दोष जन्मापासून असला तरी किडनीतल्या पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात आणि विशीत त्या सोनोग्राफीत दिसतीलच असे नाही. घरात आजार असलेल्या १५ ते ३९ वयाच्या व्यक्तीच्या दोन्ही किडन्यांत मिळून तीन सिस्ट दिसल्या तर निदान पक्के मानतात; पण याच वयात सिस्ट दिसल्या नाहीत म्हणून आजार नाही, असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. चाळिशीनंतर ही अडचण राहत नाही. तुम्ही ४२ वर्षांच्या असता, तर याच स्वच्छ सोनोग्राफीवर मी निर्धास्तपणे विसंबलो असतो.

तुमच्या पत्रात एक दिलासादायक खूणही आहे. हा आजार मुख्यतः दोन जनुकांतील दोषांमुळे होतो. १६व्या गुणसूत्रावरील पीकेडी-१ जनुकातला दोष बहुसंख्य कुटुंबांत आढळतो, तर चौथ्या गुणसूत्रावरील पीकेडी-२ मधला दोष सुमारे १५ टक्के कुटुंबांत. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात असे दिसले की, पीकेडी-१ चे प्रथिन अर्धवट तुटत असेल तर किडनी निकामी होण्याचे मध्यक वय (म्हणजे ज्या वयापर्यंत निम्म्या रुग्णांची किडनी निकामी होते ते) ५५ असते, त्याच जनुकातला दोष सौम्य असेल तर ६७, आणि दोष पीकेडी-२ मध्ये असेल तर ७९. तुमच्या वडिलांवर पंचावन्नच्या आतच डायलिसिसची वेळ आली, त्यामुळे दोष पीकेडी-१ मध्ये असण्याचा संभव बराच जास्त आहे. पीकेडी-१ मध्ये सिस्ट लवकर दिसू लागतात, म्हणून तुमच्या स्वच्छ सोनोग्राफीचे वजन वाढते. यापुढे एमआरआय करावा. १६ ते ४० या वयोगटात एमआरआयमध्ये एकूण पाचपेक्षा कमी सिस्ट आढळल्या, तर आजार नाही असे मानून दात्याचा विचार करता येतो.

आता जनुकीय तपासणीकडे वळू. वडिलांच्या जनुकात नेमका कोणता बदल आहे हे एकदा कळले की तुमच्या रक्तात तेवढा एकच बदल शोधायचा असतो. तो नसेल तर प्रश्न कायमचा मिटला. मात्र वडिलांना वगळून थेट तुमचीच तपासणी केली आणि अहवालात ‘काही आढळले नाही’ असे आले, तर त्याचे दोन अर्थ निघतात : एक तर तुम्हाला आजार नाही, किंवा आजार आहे पण त्याला कारणीभूत असलेला बदल प्रयोगशाळेला सापडला नाही. ज्यांना हा आजार निश्चित आहे अशा रुग्णांतही दहातल्या साधारण एकाच्या तपासणीत कारण सापडत नाही. खर्च वाचावा म्हणून केवळ दात्याचीच तपासणी करून आणणारी कुटुंबे पाहिली की वाईट वाटते, कारण तो पैसा बहुधा वाया गेलेला असतो.

वडिलांच्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला तर गोंधळून जाऊ नका. याचा अर्थ इतकाच की बदल सापडला आहे, पण तो रोगकारक आहे की निरुपद्रवी हे ठरवण्याइतका पुरावा हाती नाही. अशा वेळी आत्यांचे रक्त मोलाचे ठरते. त्यांना आजार असूनही तो बदल त्यांच्यात नसेल, तर तो कारण नव्हे हे जवळपास स्पष्ट होते. असेल, तर संशय बळावतो. हा शेरा भारतीय रुग्णांच्या वाट्याला अधिक येतो, कारण जगभरातील तुलनेच्या नोंदी प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत. जीनोम इंडिया प्रकल्पातील सुमारे १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, ही म्हणूनच तुमच्यासारख्या कुटुंबांसाठी महत्त्वाची घटना आहे.

आजोबांचा उल्लेख तुम्ही ओघात केला आहे, पण त्याकडे दुर्लक्ष करू नये. या आजारात मेंदूतील रक्तवाहिनीला फुगवटा येण्याचे प्रमाण दहातल्या साधारण एका रुग्णाइतके असते आणि असा फुगवटा फुटल्याचा इतिहास घरात असेल तर ते आणखी वाढते. आजोबांच्या मृत्यूचे कारण हेच होते असे आज सिद्ध करता येणार नाही. तरीही प्रत्यारोपणापूर्वी वडिलांच्या आणि आत्यांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचा एमआरआय व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी शिरेतून रंगद्रव्य द्यावे लागत नाही, त्यामुळे डायलिसिसवरील रुग्णालाही तो करता येतो. ही गोष्ट डॉक्टरांना तुम्ही स्वतःहून सांगा, कारण किडनीच्या गडबडीत आजोबांविषयी विचारायचे राहून जाते.

मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार मुलगी ही जवळची नातेवाईक असल्यामुळे कायद्याची वाट तुमच्यासाठी सरळ आहे. पण ती सरळ आहे म्हणून घाई करू नका. वडिलांना डायलिसिसचा आधार आहे. आणखी काही आठवडे थांबल्याने जे कळेल, ते तुमच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरेल.

प्रश्न : हे जनुक कसे सापडले? आणि ते सापडून इतकी वर्षे झाल्यावरही तपासणी अवघड का मानली जाते? (विज्ञान शाखेचा विद्यार्थी, लातूर)

उत्तर : १९८५ मध्ये ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी दाखवून दिले की हा आजार १६व्या गुणसूत्रावर, हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या जनुकांशेजारी, वारशाने फिरतो. नेमके जनुक मात्र १९९४ मध्ये हाती लागले, आणि त्याला कारण ठरले एक पोर्तुगीज कुटुंब. त्यातील आई आणि मुलगी यांच्या १६व्या आणि २२व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती आणि दोघींना पॉलिसिस्टिक किडनी होती. मुलाच्या वाट्याला या अदलाबदलीतून १६व्या गुणसूत्राचे टोकच आले नाही आणि त्याला ट्यूबरस स्क्लेरोसिस हा वेगळा आजार झाला. त्या आजाराचे एक जनुक आदल्याच वर्षी याच भागात सापडले होते. आई आणि मुलीचे गुणसूत्र जिथे तुटले, ती जागा पीकेडी-१ च्या आतच निघाली. एका घरातील तिघांच्या रक्ताने संशोधकांची कित्येक वर्षांची शोधाशोध संपवली, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण वाटते. पीकेडी-२ त्यानंतर १९९६ मध्ये सापडले.

अडचण आहे ती पीकेडी-१ च्या रचनेत. या जनुकाचे ४६ खंड आहेत. त्यांपैकी पहिल्या ३३ खंडांशी जवळजवळ तंतोतंत जुळणाऱ्या सहा निष्क्रिय प्रती त्याच गुणसूत्रावर आहेत. आजची यंत्रे डीएनएचे लहान लहान तुकडे वाचून ते संगणकावर जुळवतात; एखादा तुकडा खऱ्या जनुकातला की एखाद्या निष्क्रिय प्रतीतला, हे तिथे ओळखू येत नाही. म्हणून चांगली प्रयोगशाळा आधी खऱ्या जनुकाचे लांब तुकडे वेगळे काढते आणि मगच ते वाचते. तपासणीला नमुना देण्यापूर्वी ‘पीकेडी-१ चे पहिले ३३ खंड तुम्ही कसे वाचता?’ हा प्रश्न कोणीही विचारावा. त्याला नीट उत्तर मिळाले नाही तर दुसरी प्रयोगशाळा शोधावी.

तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. शरीरातील प्रत्येक पेशीत दोष असूनही किडनीतल्या लाखो नलिकांपैकी थोड्यांनाच सिस्ट का येतात? १९९६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की एका सिस्टमधल्या पेशी एकाच मूळ पेशीपासून वाढलेल्या असतात आणि त्या पेशीत जनुकाची दुसऱ्या पालकाकडून आलेली चांगली प्रतही नंतर बिघडलेली असते. पीकेडी-१ आणि पीकेडी-२ यांपासून बनणाऱ्या प्रथिनांचे एक महत्त्वाचे ठिकाण म्हणजे नलिकेच्या पेशीवरचा केसासारखा बारीक तंतू. त्या तंतूचा बिघाड आणि सिस्टची वाढ यांचा नेमका दुवा कोणता, यावर आजही काम चालू आहे.

प्रश्न : माझे पती ४१ वर्षांचे आहेत आणि त्यांना हाच आजार आहे. मुलगा १२ वर्षांचा, अगदी ठणठणीत आहे. त्याची तपासणी आताच करावी का? औषध निघाले आहे असे ऐकले, ते त्याला चालेल का? (एक आई, मडगाव)

उत्तर : लक्षणे नसलेल्या मुलाची जनुकीय तपासणी आताच करण्याची मला आवश्यकता वाटत नाही. त्याने तो निर्णय सज्ञान झाल्यावर, समजून उमजून घ्यावा. तोपर्यंत त्याच्यावर ‘रुग्ण’ असा शिक्का बसू नये. विम्याची काळजी अनेक पालकांना असते. आनुवंशिक विकार एवढेच कारण देऊन आरोग्यविम्याचे दावे नाकारू नयेत असे विमा नियामकाने २०१८ मध्ये कंपन्यांना कळवलेले आहे, पण निदान झालेला आजार विमा घेताना सांगावाच लागतो.

तुम्ही ऐकलेले औषध म्हणजे टॉलव्हॅप्टन. १,४४५ प्रौढ रुग्णांवर तीन वर्षे झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, किडनीचा आकार वाढण्याचा वार्षिक वेग ५.५ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आला. ते आजार बरा करत नाही, फक्त त्याची गती कमी करते. त्याने तहान आणि लघवी खूप वाढते, आणि यकृताला इजा होऊ शकत असल्यामुळे सुरुवातीला दर महिन्याला रक्ततपासणी लागते. ते वेगाने बिघडत जाणाऱ्या प्रौढांसाठी आहे, तुमच्या मुलासाठी नाही. पतींनी मात्र किडनीचा आकार मोजून घ्यावा आणि ते औषध त्यांच्या उपयोगाचे आहे का, हे आपल्या किडनीतज्ज्ञांना विचारावे.

मुलासाठी आज करण्याजोगी गोष्ट साधी आहे, पण ती बहुतेक घरांत राहून जाते. वर्षातून एकदा त्याचा रक्तदाब मोजून घ्या आणि लघवीतील प्रथिने तपासा. या आजारात किडनीचे काम मंदावण्याच्या कितीतरी आधी रक्तदाब वाढू लागतो, आणि तो वेळीच आटोक्यात ठेवला तर किडनीची वाढ मंदावते हे तरुण रुग्णांवरील चाचणीत दिसले आहे. रक्तदाब मोजताना मुलाच्या दंडाच्या मापाचा लहान पट्टा वापरायला सांगा. मोठ्यांच्या पट्ट्याने मुलाचा रक्तदाब खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, आणि मग वाढलेला रक्तदाबही नजरेतून सुटतो.