‘मॅडम, कोणतं मॅग्नेशियम घेऊ?’

मी समुपदेशक आहे. पाळी जाण्याच्या वयातल्या बायका हल्ली समोर बसल्या की थोड्याच वेळात हा प्रश्न येतो. झोप लागत नाही, अंगातून वाफा निघतात, रात्री पिंडऱ्या वळतात, छातीत धडधडतं, चिडचिड होते. या सगळ्यावर मॅग्नेशियम हे एकच उत्तर त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. मग कोणतं, किती, कधी, एवढंच विचारायचं उरतं. खाली सांगते ती गोष्ट एकीची नाही. अशा अनेकींच्या भेटी एकत्र करून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ती लिहिली आहे.

वय ५२, पाळी थांबून १४ महिने, काम हिशेबतपासणीचं. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून चार डबे काढून टेबलावर ओळीने मांडले.

“सकाळी उठल्या उठल्या ही ऑक्साइडची गोळी, उपाशीपोटी. दुपारी मल्टिव्हिटॅमिन. झोपताना सायट्रेटची पावडर पाण्यातून आणि वर ग्लायसिनेटची कॅप्सूल. तीन महिने झाले. फरक नाही. माझ्या शरीराला काहीच लागत नाही का हो?”

“सकाळच्या गोळीबरोबर आणखी काही घेता?”

“थायरॉइडची घेते ना, आठ वर्षं झाली. दोन्ही एकदमच घेते, म्हणजे विसरत नाही.”

“आणि झोपेतून जाग केव्हा येते?”

“दोनला एकदा, घामाने. मग चार-साडेचारला पोट कळवळून. त्यानंतर झोप नाहीच.”

मनाच्या गोष्टींकडे वळण्याआधी इथे थांबावंच लागलं. त्यांच्या बोलण्यातच दोन उत्तरं होती. डबे पुढे ओढून आम्ही दोघींनी बेरीज केली. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम सुमारे ६० टक्के असतं, म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण २४०. सायट्रेटमध्ये ते १६ टक्क्यांच्या आसपास आणि ग्लायसिनेटमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास. डब्यावर मोठ्या अक्षरात कधी पूर्ण क्षाराचं, म्हणजे मॅग्नेशियम आणि त्याला जोडलेला घटक मिळून, वजन छापलेलं असतं, कधी निव्वळ मॅग्नेशियमचं. त्यामुळे १००० वाचून घाबरणारी घेत असते १४०, आणि ४०० वाचून निर्धास्त राहणारी २४०. वाचायचा तो निव्वळ मॅग्नेशियमचा आकडा. डब्याच्या मागच्या तक्त्यात तो बहुधा सापडतो. यांची बेरीज २४०, ५०, २०० आणि १४० मिळून ६३० मिलिग्रॅम झाली.

या वयाच्या स्त्रीची दिवसाची गरज अमेरिकी शिफारशीप्रमाणे ३२० मिलिग्रॅम आहे, आणि त्यात जेवणातून मिळणारं मॅग्नेशियम धरलेलं आहे. गोळ्या-पावडरींतून वरून घ्यायची कमाल मर्यादा वेगळी मोजतात. अमेरिकेत ती ३५० आहे, युरोपात २५०. मर्यादा ओलांडून त्रास झालाच तर बहुधा सर्वांत आधी जुलाब होतात. न शोषलेलं मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढून घेतं. बद्धकोष्ठावर हेच क्षार देतात ते याच गुणामुळे. ऑक्साइड कमी शोषलं जातं, सायट्रेट तर सारक म्हणूनच ओळखलं जातं. झोपेसाठी घेतलेली पावडर त्यांना पहाटे चारला उठवत होती.

थायरॉइडच्या गोळीचं प्रकरण अधिक गंभीर होतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम किंवा लोह तिच्याबरोबर पोटात गेलं तर ती नीट शोषली जात नाही. दोन्हींत किमान ४ तासांचं अंतर लागतं. तीन महिने त्यांची नेहमीची गोळी अर्धवटच कामी येत होती. थकवा, उदासपणा, विसरभोळेपणा हे सगळं त्या रजोनिवृत्तीच्या नावावर मांडत होत्या. त्यातलं थोडं तरी थायरॉइडचं असणार, असा मला संशय आला. औषध बदलणं समुपदेशकाचं काम नाही. डबे आणि बेरजेचा कागद घेऊन मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढतो तो टीएसएच वाढलेला निघाला, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक होतं. डॉक्टरांनी थायरॉइडचा डोस होता तोच ठेवला, मॅग्नेशियम सगळं बंद केलं आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी सांगितली. त्या तपासणीत टीएसएच जागेवर आला होता.

ही उकल ऐकून त्यांना हायसं वाटेल, असं मी धरून चालले होते. दुसऱ्या भेटीला त्या आल्या त्या रडवेल्या होऊन.

“पोट ठीक आहे. पण हातात काहीच उरलं नाही मॅडम. निदान गोळी घेताना वाटायचं, मी काहीतरी करतेय.”

या एका वाक्याने मला पुढच्या सगळ्या भेटींची दिशा दिली. गोळी काढून घेणं सोपं असतं. पण गोळीच्या आधाराने माणूस जे सांभाळत असतं, त्याला दुसरा आधार द्यायच्या आत ती काढली तर ते उघड्यावर पडतं. अशा गोळ्यांना हसणारी मंडळी घरात असली की बाई त्या लपून घेते आणि डॉक्टरांनाही सांगत नाही. धोका तिथून सुरू होतो. म्हणून मी “हे सगळं थोतांड आहे” असं कधीच म्हणत नाही. खरं तेवढं सांगते.

खरं असं आहे की मॅग्नेशियम शरीराला लागतंच. प्रौढ शरीरात ते २५ ग्रॅमच्या आसपास असतं, त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत. रक्तद्रवात एक टक्काही नसतं, त्यामुळे रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणजे साठा भरलेलाच आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. पण तेवढ्यावरून उलटा निष्कर्ष काढून मूठभर गोळ्या घेणंही बरोबर नाही. वाफांसाठी २०११मध्ये एका छोट्या प्रयोगात आशा दिसली होती, पण त्यात तुलनेला खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीचा गट नव्हता. २०१५मध्ये स्तनांचा कर्करोग झालेल्या स्त्रियांवर खोट्या गोळीशी तुलना करून मोठा अभ्यास झाला. रोज ८०० किंवा १२०० मिलिग्रॅम ऑक्साइड घेऊनही वाफा खोट्या गोळीपेक्षा जास्त कमी झाल्या नाहीत, जुलाब मात्र वाढले. रात्री पिंडऱ्या वळण्यावर, विशेषतः उतारवयात, फायदा होण्याची शक्यता कमी दिसते. झोपेबद्दलचे अभ्यास लहान आणि कच्चे आहेत. थोडाफार उपयोग एखादीला होतही असेल. म्हणून मनाई नाही, पण नीट पाहून घ्यावं.

नीट पाहण्याची भाषा त्यांच्याच पेशातली होती.

“ताई, चार खर्च एकाच खात्यात टाकले तर तोटा कशातून आला हे तुम्ही शोधाल का?”

“नाही. आधी खाती वेगळी करीन.”

मग आम्ही खाती वेगळी केली. वाफा, झोप, पोट आणि मन. एक वही. रोज चार ओळी, जास्त नाही. दिवा कधी मालवला, किती वेळा जाग आली, किती वाफा आल्या, आणि त्या वाफांचा त्रास शून्य ते दहात किती. शेवटी, जाग आल्यावर मनात आलेलं पहिलं वाक्य, जसंच्या तसं. हे वाक्य बायका गाळतात. “काही नाही, असंच” असं लिहितात. पण माझ्या दृष्टीने वहीत सर्वांत मोलाचं तेच. माणूस घटनेने जितका हलतो त्याहून जास्त त्या घटनेला त्याने मनात दिलेल्या अर्थाने हलतो, यावर माझी सगळी कामाची पद्धत उभी आहे.

पाचव्या भेटीत त्यांनी वही उघडून माझ्याकडे न फिरवता स्वतःच पाहायला सुरुवात केली. मंगळवारच्या पानावर बोट ठेवलं, मग शनिवारच्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी मदत करण्याचा मोह आवरावा लागतो. समोरची व्यक्ती स्वतः जे शोधते तेच तिच्याजवळ टिकतं.

“मंगळवारी वाफा चार. शनिवारीही चार. पण मंगळवारी त्रास लिहिलाय नऊ आणि शनिवारी तीन.”

“हिशेब जुळत नाही?”

“नाही ना. वाफ तीच, तर त्रास कसा वेगळा?”

“मंगळवारचं वाक्य वाचा.”

त्यांनी वाचलं. “झोप गेली. उद्या बैठकीत आकडे चुकणार, चेहरा लाल होणार, सगळ्यांना कळणार की हिला आता जमत नाही.”

“आणि शनिवारचं?”

“‘आली. पांघरूण काढते.’ एवढंच आहे.”

पुन्हा थोडा वेळ गेला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणजे मी गोळ्या वाफेसाठी घेतच नव्हते. ‘हिला आता जमत नाही’ यासाठी घेत होते.”

त्या क्षणी आणखी काही शिकवण्याची गरज नव्हती. वाफा किती येतात यावर विचार तपासण्याच्या या पद्धतीचा (सीबीटी) फारसा परिणाम होत नाही, पण त्यांचा जाच कमी होतो, हे लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. मोठा अभ्यास एका ओळीत सांगता येतो, पण स्वतःच्या अक्षरातले नऊ आणि तीन शेजारी शेजारी दिसले की ते आत उतरतं. अशी जागा सापडावी म्हणूनच मी वही लिहून घेते, आणि ती सापडते तेव्हा या कामाचं मला मनापासून समाधान वाटतं.

पुढच्या भेटी त्या ‘जमत नाही’वर गेल्या. किती बैठका झाल्या, किती वेळा आकडे चुकले? गेल्या वर्षभरात एकदा, आणि तेही वेळेत सापडलं होतं. चेहरा लाल झालेला कुणी बोलून दाखवला? कुणीच नाही. एका सहकारणीला त्यांनी स्वतःहून सांगितलं, “मला मध्येच गरम होतं, दोन मिनिटं खिडकीपाशी उभी राहते.” ती म्हणाली, “मलाही.” लपवण्यात जाणारी ताकद त्या दिवसापासून वाचली.

वाफ येताना काय करायचं तेही ठरवलं. खांदे सैल सोडायचे, पोटातून सावकाश श्वास घ्यायचा, वरचा कपडा काढायचा आणि मनात एकच वाक्य म्हणायचं, ‘आली आहे, काही मिनिटांत उतरेल.’ संथ श्वासाने वाफा कमी होतात असं मी सांगत नाही, कारण ते सिद्ध झालेलं नाही. त्या काही मिनिटांत मन भीतीमागे धावत नाही, एवढ्यासाठी तो घ्यायचा. झोपेसाठी उठण्याची वेळ रोज एकच, सुटीच्या दिवशीही. घड्याळाचं तोंड भिंतीकडे. अंदाजे वीस मिनिटं झोप आली नाही तर अंथरूण सोडून मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. पहिल्या आठवड्यात याने झोप थोडी कमीच होते. ते आधी सांगितलं नाही तर बायका चौथ्या दिवशी सोडून देतात.

मॅग्नेशियमचा प्रश्न मात्र त्यांना सुटलेला हवा होता, आणि ते रास्तच होतं. थायरॉइड जागेवर आल्यावर, डॉक्टरांना विचारून, एकच क्षार निवडला. पोटाला सौम्य म्हणून ग्लायसिनेट. रात्रीच्या जेवणानंतर १०० मिलिग्रॅम निव्वळ मॅग्नेशियम, आठवड्याने २००. चार आठवडे घ्यायचं, मग दोन आठवडे बंद, वही चालूच. त्या काळात दुसरा कुठलाही बदल करायचा नाही, नाहीतर श्रेय कुणाचं ते कळत नाही. त्यांच्या वहीत दोन्ही काळांतली झोप सारखीच निघाली, आणि त्यांनी गोळी सोडली. कुणी हिसकावून घेतली म्हणून सोडली नाही, पाहून ठरवून सोडली. दुसऱ्या एकीने सायट्रेट कमी प्रमाणात चालू ठेवलं, कारण तिचं बद्धकोष्ठ त्याने खरोखर सुधारलं. तोही योग्यच निर्णय.

हे वाचून जी स्वतः करून पाहील तिने आधी काही गोष्टी तपासाव्यात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांशिवाय मॅग्नेशियमला हातच लावायचा नाही, कारण जास्तीचं बाहेर टाकणं मूत्रपिंडाचंच काम आहे. ते साठलं की मळमळ, गुंगी, स्नायूंचा अशक्तपणा, रक्तदाब आणि नाडी मंदावणं इथपर्यंत जातं. हाडांसाठी अ‍ॅलेन्ड्रोनेट चालू असेल तर ती गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर किमान अर्धा तास काही नाही, आणि मॅग्नेशियम थेट रात्री. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लिनसारखं प्रतिजैविक चालू असेल तर ते मॅग्नेशियमच्या २ तास आधी किंवा ४ ते ६ तास नंतर. आम्लपित्ताची ओमेप्राझोलसारखी गोळी वर्षभराहून जास्त चालू असेल किंवा लघवी वाढवणारं औषध असेल, तर मॅग्नेशियम खरंच कमी झालेलं असू शकतं. अशा वेळी अंदाजाने न घेता तपासून घ्यावं. पित्तावरच्या पातळ औषधांत आणि काही जुलाबाच्या औषधांत मॅग्नेशियम असतं, तेही बेरजेत धरावं. कुणी ते सहसा धरत नाही.

आणखी एक, कारण ते राहून जातं. वर्षभर पाळी थांबल्यावर पुन्हा एक डाग जरी दिसला तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. धडधडीबरोबर चक्कर किंवा छातीत दुखत असेल तर थांबायचं नाही. दोन आठवडे सलग मन उदास असेल, जगणं नको वाटत असेल, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं. आणि वाफांनी दिवस-रात्र मोडत असतील तर हार्मोनचे उपचार हा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे. तो आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावं. मॅग्नेशियमच्या डब्यांत वर्ष घालवून तो प्रश्न लांबवू नये.

त्या तीन महिन्यांनी पुन्हा आल्या तेव्हा हातात वही नव्हती. मी विचारलं.

“दोन आठवड्यांपूर्वी एक रात्र लिहायची राहिली,” त्या म्हणाल्या, “नंतर आठवणच झाली नाही.”